वैद्याची पारख

मातीचे मडके विकत घेतानासुद्धा माणूस ते बोटाने वाजवून पाहतो. सोने कसोटीच्या दगडावर घासले जाते, बैल चालवून पाहिला जातो, जोंधळ्याचा दाणा दाताखाली धरून पाहिला जातो. परंतु ज्याच्या हाती स्वतःचा देह सोपवावयाचा, त्या वैद्याची पारख करण्याचे साधन मात्र रोग्यापाशी नसते. तो वेदनेने व्याकूळ झालेला असतो, निवड करण्यास त्याला सवड नसते, आणि ज्या शास्त्राच्या आधारे ही पारख करावयाची ते शास्त्र त्याला अवगत नसते. उपचार संपल्यावरही त्याचे मत अचूक असेलच असे नाही. पुष्कळसे रोग आपोआप बरे होतात आणि श्रेय औषधाला मिळते. उलट काही रोग उत्तम उपचारांनाही दाद देत नाहीत आणि दोष वैद्याच्या माथी येतो.

म्हणून रोग्याच्या वतीने ही पारख दुसऱ्या कोणीतरी, आणि तीही आधीच, करून ठेवावी लागते. डॉक्टरच्या खोलीत चौकटीत लावलेले पदवीपत्र आणि त्याचा नोंदणी क्रमांक यांचा खरा अर्थ एवढाच, की या माणसावर विश्वास टाकण्यास हरकत नाही, अशी हमी समाजाने दिलेली आहे. ही हमी कशाच्या आधारे दिली जाते, ती कितपत भक्कम असते आणि ती अधिक भक्कम कशी करता येईल, हा प्रश्न जितका वैद्यांचा तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, रोग्यांचा आहे.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्यकर्म शिकणाऱ्या शिष्याने करावयाच्या अभ्यासाला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. कोहळा, दुध्या, काकडी यांवर छेद घेण्याचा सराव करावा. पाण्याने व चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर भेदन शिकावे. मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर शिरावेध शिकावा. जाड कापडावर व मऊ कातड्यावर टाके घालण्यास शिकावे. आणि मनुष्याकृती पुतळ्यावर पट्टे बांधण्यास शिकावे, असा तो क्रम आहे. त्याच ग्रंथात केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ क्रिया जाणणारा, अशा दोघांनाही अपात्र ठरवून त्यांना एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिलेली आहे. पुढच्याच अध्यायात आणखी एक अट येते: शास्त्र शिकलेला, कर्म पाहिलेला आणि स्वतः सराव केलेला वैद्य राजाची अनुज्ञा मिळाल्यावरच व्यवसायात उतरावा. ज्ञान, हातोटी आणि राज्यसंस्थेची परवानगी ही तिन्ही अंगे तेथे एकत्र आलेली आहेत. आधुनिक काळातील सारी खटपट याच तिहींची सांगड घालण्याची आहे.

ब्रिटनमध्ये १८५८ साली वैद्यकीय कायदा झाला, तेव्हा त्याच्या प्रास्ताविकातच त्याचे प्रयोजन सांगितले गेले. वैद्यकीय मदतीची गरज असणाऱ्या लोकांना अर्हताप्राप्त आणि अर्हता नसलेला यांतील भेद ओळखता यावा, एवढ्यासाठी नोंदवही ठेवावयाची, असे ते प्रयोजन होते. कायदा वैद्यांच्या मानासाठी नव्हता, रोग्यांच्या सोयीसाठी होता. तरीही त्यात एक मोठी फट राहिली होती. केवळ औषधशास्त्राची किंवा केवळ शस्त्रक्रियेची परीक्षा उतरलेल्या माणसालाही नोंदवहीत प्रवेश मिळे आणि पुढे तो सर्वच रोगांवर उपचार करी. औषधशास्त्र, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र या तिन्ही विषयांत उत्तीर्ण होण्याचे बंधन येण्यास १८८६ साल उजाडावे लागले.

भारतात याच सुमारास पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण रुजत होते. कलकत्ता आणि मद्रास येथे १८३५ मध्ये वैद्यकीय विद्यालये निघाली; मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले पदवीधर १८५१ साली बाहेर पडले आणि त्यांत पुढे विद्वान व लोकसेवक म्हणून कीर्ती पावलेले डॉ. भाऊ दाजी लाड होते. या महाविद्यालयाच्या शेजारीच जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय होते आणि विद्यार्थ्याने रोग्याच्या खाटेपाशी शिकावे, यावर पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा भर होता. पुढे १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात वैद्यकीय कायदा होऊन डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली.

परंतु पदवी आणि पात्रता यांतील अंतराचा एक कडवट अनुभव देशाला लवकरच आला. १९२० नंतरच्या दशकात ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदवीधरांच्या प्रसूतिशास्त्रातील प्रत्यक्ष शिक्षणाविषयी शंका उपस्थित केली. विद्यार्थ्याने पुस्तक वाचले असेल, पण किती बाळंतपणे स्वतः केली, असा त्या शंकेचा रोख होता. हा वाद वाढत जाऊन १९३० मध्ये भारतीय पदव्यांची मान्यता खंडित झाली. त्यात साम्राज्याचा अहंकार होता, हे खरे. आणि त्यामुळे देशात संतापही उसळला. मात्र विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. या प्रसंगानंतर १९३३ चा भारतीय वैद्यकीय परिषद कायदा झाला आणि शिक्षणाचा दर्जा राखण्याची जबाबदारी भारतीय संस्थेकडे आली. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने या परिषदेची नव्याने उभारणी केली.

पात्रता म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने पाहावे. आडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मध्यरात्री एक स्त्री बाळंत झाली आहे आणि तिचा रक्तस्राव थांबत नाही. ड्यूटीवर एकच तरुण डॉक्टर आहे. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाची व्याख्या आणि त्याची कारणे त्याला पाठ असतील. ही पहिली पायरी. अशा वेळी कोणत्या क्रमाने काय करावयाचे, हे त्याला कागदावर मांडता येईल, ही दुसरी. रबरी प्रतिकृतीवर परीक्षकासमोर गर्भाशय चोळणे, शिरेत सुई घालणे, वार पूर्ण पडली आहे की नाही हे तपासणे, या कृती तो करून दाखवील, ही तिसरी. आणि त्या रात्री, अपुऱ्या उजेडात, नातेवाइकांच्या आक्रोशात, हात न कापता तो हे सारे करील, आणि आपल्या आवाक्याबाहेर जात आहे हे ओळखून वेळेवर मोठ्या रुग्णालयाची गाडी बोलावील, ही चौथी. जाणणे, कसे करावे हे जाणणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष करणे, अशा या चार पायऱ्यांची मांडणी अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये केली. लेखी परीक्षा पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबते. त्या स्त्रीचे प्राण मात्र चौथ्या पायरीवर अवलंबून असतात.

मग विद्यार्थ्याला रोग्यासमोरच उभे करून त्याची परीक्षा का घेऊ नये? वस्तुतः जुनी पद्धत हीच होती. विद्यार्थ्याला एक रोगी नेमून दिला जाई. तो त्याचे रोगवृत्त विचारी, तपासणी करी आणि मग परीक्षकांपुढे निदान मांडी. या पद्धतीतील दोष हळूहळू ध्यानात आले. एकाच्या वाट्याला सरळसाधा रोगी येई, दुसऱ्याच्या वाट्याला गुंतागुंतीचा. एक परीक्षक मृदू, तर दुसरा जमदग्नी. शिवाय पुष्कळदा परीक्षक विद्यार्थ्याची तपासणी पाहतच नसत. तो जे सांगे तेवढेच ऐकून गुण देत. रोग्याशी तो कसा बोलला, त्याच्या दुखऱ्या पोटावर त्याने हात कसा ठेवला, हे कोणालाच दिसत नसे.

अमेरिकेत १९१५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षक मंडळाची परीक्षाही प्रारंभी रोग्याच्या खाटेपाशी होत असे. दोन परीक्षकांनी दिलेल्या गुणांत मेळ बसत नाही असे आढळल्यावर १९६० नंतरच्या दशकात मंडळाने ती सोडून दिली आणि बहुपर्यायी प्रश्नांचा मार्ग धरला. या प्रश्नांत पक्षपातास वाव नाही. हजारो विद्यार्थ्यांना एकाच मापाने मोजता येते. पण ज्याचे माप काटेकोर, त्याची पोहोच तोकडी, असा हा पेच आहे. रोग्याचे बोलणे अर्धवट असते, त्याची तक्रार विस्कळीत असते, आणि त्याच्या कपाळावर चार पर्याय छापलेले नसतात.

या पेचातून एक वाट स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये दाखवली. त्यांनी एका मोठ्या परीक्षेचे अनेक लहान तुकडे केले. विद्यार्थी एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर जातो. कोठे छाती तपासतो, कोठे क्ष-किरण चित्र वाचतो, तर कोठे रोग्याला समजावून सांगतो. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटेच मिळतात, सर्वांपुढे कामे तीच असतात आणि परीक्षक मात्र दर ठिकाणी वेगळा असतो. वैद्यकीय विद्यार्थ्यांत 'ऑस्की' या नावाने परिचित असलेली ही पद्धत आज जगभर रूढ आहे. तिच्या जोडीला शिकवून तयार केलेले रोगीही आले. लॉस एंजेलिस येथे हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये एका निरोगी व्यक्तीला रोग्याची भूमिका शिकवून ही प्रथा सुरू केली होती. पुढे अमेरिकेने परवान्यासाठीच अशा रोग्यांसमोरची परीक्षा २००४ पासून सक्तीची केली. पण ती खर्चाची असल्याची टीका होत राहिली, २०२० मध्ये महामारीमुळे ती स्थगित झाली आणि २०२१ मध्ये कायमची बंद करण्यात आली. चांगली परीक्षा महाग असते, हा त्यातील धडा. आणि ती न घेण्याची किंमत अखेर कोण देतो, हा त्यातून उरणारा प्रश्न.

येथवरचा विचार कौशल्याचा झाला. कौशल्याहूनही पारखण्यास अवघड अशी एक वस्तू आहे. तिला व्यवसायनिष्ठा म्हणावे. चूक झाली तर ती लपवू नये, न केलेली तपासणी केस पेपरवर लिहू नये, रोग्याची संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी, गरीब रोग्याशी आणि परिचारिकेशी अदबीने वागावे, ठरल्या वेळी वॉर्डात हजर असावे, हे तिचे साधे अंश आहेत. परीक्षेच्या दिवशी यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणीही निभावून नेईल. कोणी पाहत नसताना तो कसा वागतो, हाच येथे खरा प्रश्न असतो.

हे गुण मोजता येत नाहीत, म्हणून ते गौण मानावेत काय? याचे उत्तर २००५ मध्ये मॅक्सीन पापाडाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाने दिले. गैरवर्तनाबद्दल अमेरिकेतील राज्य मंडळांनी शिक्षा केलेले २३५ डॉक्टर त्यांनी घेतले आणि त्यांची विद्यार्थिदशेतील कागदपत्रे, त्यांच्याच महाविद्यालयांतील शिक्षा न झालेल्या ४६९ डॉक्टरांच्या कागदपत्रांशी ताडून पाहिली. विद्यार्थिदशेत व्यवसायनिष्ठेला न शोभणारे वर्तन ज्यांच्या नावे नोंदलेले होते, त्यांना पुढे शिक्षा होण्याचा संभव सुमारे तिपटीने अधिक आढळला. त्यातही बेजबाबदारपणा आणि दाखवून दिलेली उणीव सुधारण्याची नाखुशी ही लक्षणे विशेष बोलकी ठरली. शिक्षकांना खूण दिसलेली होती. त्यांनी ती लिहूनही ठेवली होती. पदवी तरीही दिली गेली होती.

आणि परवाना एकदा दिला म्हणजे काम संपले, असेही नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयावरील शस्त्रक्रियांची चौकशी झाली आणि तिचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९१ ते १९९५ या काळात तेथे एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके, इतर सामान्य केंद्रांच्या मानाने, अधिक दगावली, असा त्याचा निष्कर्ष होता. शस्त्रक्रिया करणारे लोक अर्हताप्राप्त होते, अनुभवी होते आणि कष्टाळूही होते. उणीव होती ती स्वतःच्या परिणामांकडे निर्विकारपणे पाहण्याची, आणि धोक्याचा इशारा देणाऱ्या सहकाऱ्याचे ऐकून घेण्याची. अशा अनुभवांतूनच ब्रिटनमध्ये २०१२ च्या अखेरीस डॉक्टरांच्या परवान्याचे साधारणतः दर पाच वर्षांनी पुनःप्रमाणन सुरू झाले. त्यात सहकारी आणि रोगी यांची मतेही विचारात घेतली जातात.

आता आपल्या घरचा हिशेब पाहावा. १९५६ च्या कायद्याखालील परिषद २०१० मध्ये लाचलुचपतीच्या आरोपांमुळे सरकारला बाजूस सारावी लागली. तळे राखील तो पाणी चाखील, ही म्हण जेथे लागू पडू नये अशा ठिकाणीच ती लागू पडल्याचा लोकांचा ग्रह झाला. २०१९ च्या कायद्यान्वये सप्टेंबर २०२० मध्ये तिची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. दरम्यान २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमतांच्या पायावर रचण्यात आला. विद्यार्थ्याला काय माहीत आहे याऐवजी त्याला काय करता येते, यावर त्याचा भर आहे. वृत्ती, नीती आणि संवाद यांचा समावेश पाठांच्या स्वरूपात त्यात आहे. कौशल्यांची नोंद ठेवण्यासाठी कार्यपुस्तिका आहे. कागदावर हे पाऊल योग्य दिशेचे आहे. परंतु सह्यांनी भरलेली पुस्तिका आणि प्रत्यक्ष पाहिलेले काम यांत फरक आहे. एका रात्रीत सह्या घेतल्या गेल्या, तर नवी पद्धत ही जुन्याच रोगावर चिकटवलेली नवी चिठ्ठी ठरेल.

याच कायद्यात पदवीच्या शेवटी साऱ्या देशासाठी एक सामाईक परीक्षा योजिलेली आहे. व्यवसायाचा परवाना आणि पदव्युत्तर प्रवेश या दोहोंसाठी ती एकच असावी, अशी कल्पना आहे. ती तीन वर्षांच्या आत सुरू व्हावयाची होती. मुदत वाढली, २०२३ मध्ये ती घेण्याचे ठरले आणि पुन्हा लांबणीवर पडले. विलंबाहूनही विचार करण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. परवान्याची परीक्षा हा उंबरठा असतो. तो ओलांडणारा प्रत्येक जण सुरक्षित आहे ना, एवढेच तेथे पाहावयाचे. प्रवेशपरीक्षा ही शिडी असते. कोण कोणाच्या वर, हे तेथे ठरते. उंबरठ्याची शिडी केली, की सर्वांची दृष्टी पायऱ्यांकडे लागते. आजही वर्षभराच्या सक्तीच्या आंतरवासितेत, जेव्हा तरुण डॉक्टरने वॉर्डात रोग्यांमध्ये राहून हात तयार करावयाचा, तेव्हा त्यांतील पुष्कळांचे चित्त पदव्युत्तर प्रवेशाच्या प्रश्नसंचात गुंतलेले असते. पुराणातली वांगी पुराणातच राहतात ती अशी. जशी परीक्षा, तशी विद्या. परीक्षक जे विचारतो तेच विद्यार्थी शिकतो, हा नियम कोणत्याही अभ्यासक्रमाहून बलवान आहे.

विद्यापीठांच्या अंतर्गत गुणांवर लोकांचा विश्वास नाही, म्हणून सामाईक परीक्षा हवी, असे म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. ओळख, वशिला आणि आकस यांची भीती अनाठायी नाही. परंतु एकाच शिक्षकाच्या लहरीवरचा उपाय म्हणजे कोणत्याच शिक्षकाने न पाहणे, हा नव्हे. अनेकांनी अनेक वेळा पाहणे, हा होय. हॉलंडमधील मास्ट्रिख्ट येथील शिक्षणतज्ज्ञांनी हेच तत्त्व मांडले आहे, की कोणतीही एक परीक्षा हा केवळ एक ठिपका असतो. अशा पुष्कळ ठिपक्यांतून चित्र उमटल्यावरच निर्णय करावा. एका शिक्षकाने पंधरा मिनिटे रोग्याजवळ उभे राहून पाहावे, दोन शब्दांत उणीव सांगावी आणि ते लिहून ठेवावे. असे वेगवेगळ्या वॉर्डांत, वेगवेगळ्या शिक्षकांनी, वर्षभर करावे. परिचारिकेचे आणि रोग्यांचे मतही त्यात मिळवावे. मग एकाचा लोभ आणि दुसऱ्याचा राग आपोआप विरून जातात. याला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो शिक्षकाचा वेळ, आणि अपुरा विद्यार्थी पुढे न ढकलण्याचे धैर्य.

उट्रेख्टचे ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये या साऱ्याचे सार एका शब्दात आणले: सोपवणे. अमुक काम या शिकाऊ डॉक्टरवर देखरेखीविना सोपवता येईल काय, एवढेच शिक्षकाने प्रत्येक कामापुरते ठरवावे. सुईच्या टाक्यापासून बाळंतपणापर्यंत एकेक काम असे पाहून सोपवत गेले, तर परवाना हा शेवटच्या दिवशीचा चमत्कार न राहता वर्षानुवर्षे साठत आलेल्या विश्वासाची पावती होईल. आंतरवासितेच्या अखेरीस प्रमाणपत्रावर सही करताना शिक्षकाने एकच विचार मनाशी करावा: उद्या आपल्या घरातील माणूस आजारी पडले आणि समोर हाच तरुण असला, तर आपण निश्चिंत मनाने बाहेरच्या बाकावर बसून राहू काय? उत्तर नकारार्थी असेल, तर सही थांबवावी. ज्यांना विचारण्याची संधीच मिळत नाही, अशा अनेक रोग्यांचे उत्तर त्या सहीत सामावलेले असते.